आठ प्रवासी, एक चार्टर आणि दोह्याचा स्लॉट : नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

धरमपेठेत माझं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. चार्टरची, म्हणजे पूर्ण विमान भाड्यानं घेण्याची, कामं वर्षाकाठी दहा-बारा येतात, आणि त्यातली बहुतेक आजारी माणसाला तातडीनं हैदराबाद किंवा चेन्नईला हलवण्याची असतात. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये एक ओळखीचे उद्योजक ऑफिसात येऊन म्हणाले, "ताई, फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलला दोह्याला जायचं आहे, चार्टर पाहा," तेव्हा मला वाटलं की हे हौसेचं काम आहे. पहिल्या अर्ध्या तासातच तो समज गेला.

त्यांना मी इथे भाऊ म्हणते. कुटुंबाला विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा थोड्या मागेपुढे केल्या आहेत. वेळा आणि निर्णयांचा क्रम मात्र फाइलमध्ये आहे तसाच ठेवला आहे.

भाऊंचे वडील, आबा, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. सगळी नोकरी रेल्वेत गेली. तरुणपणी ते मोतीबागच्या मैदानावर डाव्या विंगेवर खेळायचे. १९८६ ची फायनल त्यांनी रेल्वे कॉलनीतल्या एका शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिली, आणि तेव्हापासून ते घर अर्जेंटिनाचं झालं. दोन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस सुरू होतं, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. भाऊंनी फिफाच्या सोडतीत अर्ज केला होता आणि त्यांना फायनलची सहा तिकिटं लागली होती, पहिल्या श्रेणीची, प्रत्येकी ५,८५० रियालची. एका अर्जावर एका सामन्याची सहाच तिकिटं मिळायची.

फायनल रविवारी, १८ डिसेंबरला होती. शनिवारचं डायलिसिस नागपुरात, मंगळवारचंही नागपुरात, आणि मध्ये रविवार-सोमवारची फट. आठवड्यातली हीच फट सगळ्यांत मोठी, आणि किडनीच्या रुग्णाला हीच सगळ्यांत अवघड जाते. भाऊंना चार्टर हवं होतं ते या फटीसाठी.

अडचण

वरवर पाहिलं तर प्रश्न साधा होता. नागपूर ते दोहा सरळ रेषेत सुमारे २,८०० किलोमीटर, आणि मध्यम आकाराचं आठ आसनी जेट हे अंतर मध्ये न उतरता कापतं. भाऊंनी हिशेब करूनच आणला होता. जायला चार तास, यायला चार तास, ताशी तीन लाख, म्हणजे चोवीस लाख.

विमान नागपुरात उभं नसतं, ते मुंबईहून रिकामं येतं आणि शेवटी रिकामंच परत जातं. दोन्ही फेऱ्यांचे तास गिऱ्हाइकाच्या बिलात धरले जातात. दुसरं म्हणजे दोह्यात त्या दिवसांत खासगी विमानांची एवढी गर्दी होती, की आम्हाला मिळू शकणारी परवानगी 'प्रवासी उतरवा आणि निघा' अशीच होती. विमान मस्कतला नेऊन उभं करायचं आणि परतीसाठी पुन्हा आणायचं. त्याचे तास वेगळे. तिसरी गोष्ट वाऱ्याची. डिसेंबरात आपल्या उत्तर भागापासून आखातापर्यंत उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, त्यामुळे जाताना सव्वाचार तास आणि येताना साडेतीन.

सगळे तुकडे मी कागदावर मांडले. मुंबई-नागपूर सव्वा तास, नागपूर-दोहा सव्वाचार, दोहा-मस्कत सव्वा, मस्कत-दोहा दीड, दोहा-नागपूर साडेतीन, नागपूर-मुंबई दीड. एकूण सव्वातेरा तास, म्हणजे पावणेचाळीस लाख. त्यात ओमान आणि यूएईवरून जाण्याच्या परवानग्या, कतारची उतरण्याची परवानगी, विमानतळावरचं हँडलिंग, मस्कतचं पार्किंग, वैमानिकांचा मुक्काम असे सव्वासहा लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी. आकडा सव्वाचोपन्न लाखांवर गेला.

भाऊंची सतरा वर्षांची मुलगी त्या दिवशी सोबत आली होती. कागद तिनं स्वतःकडे ओढला आणि रिकाम्या फेऱ्यांखाली पेन्सिलनं रेघा मारल्या. "सव्वातेरा तासांपैकी साडेपाच तास विमानात कोणीच नाही," ती म्हणाली. "आठ माणसांसाठी एवढं इंधन, काकू?" भाऊ गप्प राहिले. मीही. प्रश्न रास्त होता, आणि पुढे पर्याय तपासताना तो माझ्या डोक्यात राहिला.

पैशांपेक्षा मोठी अडचण मला त्या बैठकीत दिसायला हवी होती, ती दिसली नाही. अशा स्पर्धेला विमान मिळणं हा सगळ्यांत सोपा भाग असतो. उतरायची आणि उडायची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, ही खरी दुर्मीळ वस्तू. बाकी सगळं त्या वेळेभोवती बांधावं लागतं. मी उलट्या टोकानं सुरुवात केली.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय नेहमीच्या विमानांचा. नागपूरहून मुंबई, मुंबईहून दुबई, आणि दुबईहून सामन्याच्या दिवशीचं शटल विमान. दुबई, मस्कत, रियाध, जेद्दाह, कुवेत इथून त्या स्पर्धेत सामन्याच्या दिवसाच्या फेऱ्या होत्या. सकाळी जा, सामना पाहा, रात्री परत. हय्या कार्ड, म्हणजे स्पर्धेसाठी कतारमध्ये प्रवेश देणारं कार्ड, असलेल्याला यूएईचा अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा १०० दिरहमांत मिळत होता. आठही जणांचा प्रवास चार्टरच्या एका छोट्या हिश्श्यात बसला असता. नागपूर-दोहा थेट विमान आपल्याला सवयीचं आहे, पण त्या पंधरवड्यात हवा तसा मेळ मला त्यात बसवता आला नाही. दुबईमार्गे आबांना तीन विमानांतून जावं लागत होतं, आणि एक जरी चुकलं तरी मंगळवारचं डायलिसिस गेलं असतं.

दुसरा पर्याय मधला होता. नागपूर ते दुबईचा अल मक्तूम विमानतळ चार्टरनं आणि पुढे शटल. विमान दुबईतच थांबलं असतं, दोह्याच्या स्लॉटची कटकट नाही, आणि मस्कतच्या दोन्ही रिकाम्या फेऱ्या वाचल्या असत्या. खरं सांगायचं तर मुलीच्या प्रश्नाला यातल्या त्यात बरं उत्तर हेच होतं. हा पर्याय मी भाऊंपुढे ठेवला, पण पुरेसा जोर लावून ठेवला नाही. ते म्हणाले, "आबांना दोन वेळा इमिग्रेशनच्या रांगेत काहून उभं करायचं?" आणि मी तिथेच थांबले. दुबईत व्हीलचेअरची आणि मदतनिसाची सोय कशी लावता येईल, हे दोन फोन करून विचारायला हवं होतं.

तिसरा पर्याय भाऊंच्या एका मित्राकडून आला. त्यांच्या कंपनीचं स्वतःचं विमान आहे, 'फक्त इंधनाचे पैसे द्या' म्हणाले. याला मी त्याच बैठकीत नाही म्हटलं, आणि त्याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान पैसे घेऊन प्रवासी नेऊ शकत नाही. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या संचालनालयाचा, नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परवाना लागतो. इंधनाच्या नावानं घेतले तरी ते पैसेच. काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. आजारी माणूस सोबत असताना असल्या विमानात कोणाला बसवू नये.

चौथा पर्याय, परदेशात पाहुणा रुग्ण म्हणून डायलिसिस करून घेण्याचा, आबांच्या डॉक्टरांनीच सुचवला होता. आधी रिपोर्ट पाठवले, विशेषतः कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, तर अनेक केंद्रं वेळ देतात. 'लागणारच नाही' म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला.

अखेर थेट चार्टर ठरलं. ऑपरेटरनं, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीनं, ५० टक्के आगाऊ मागितले आणि सांगितलं की ते परत मिळणार नाहीत. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी भरले, आणि मी ते भरू दिले. दोह्याच्या स्लॉटचा अर्जसुद्धा तेव्हा गेला नव्हता. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

काय केलं

आठ जण ठरले. आबा, आजी, भाऊ, वहिनी, मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा, भाऊंचे धाकटे बंधू, आणि डायलिसिस केंद्रातला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, जो आबांना दोन वर्षं ओळखत होता. तिकिटं सहाच. कतारनं तिकीटधारकाला आणखी तिघांना सोबत आणायची मुभा दिली होती, माणशी ५०० रियाल भरून. आजींना आणि ब्रदरला त्यातून हय्या कार्ड मिळालं. पण मग स्टेडियममध्ये आबांजवळ कोण बसणार? नोव्हेंबरभर हा प्रश्न त्या घरात रेंगाळला. शेवटी धाकटे बंधू स्वतःहून म्हणाले, "माझं तिकीट ब्रदरच्या नावावर करा. मी आईसोबत थांबतो." मेस्सीचा हा शेवटचा वर्ल्ड कप असेल असं वाटत होतं, म्हणून ते दिवस मोजत होते, हे मला वहिनींकडून नंतर कळलं. अ‍ॅपमधून तिकीट फिरवलं. आजी आणि धाकटे बंधू दोह्यात भाऊंच्या मावसभावाच्या घरी थांबणार होते. नजमा भागातलं ते घर जुन्या विमानतळापासून अगदी जवळ आहे.

२२ नोव्हेंबरला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून २-१ अशी हरली. रात्री भाऊंचा फोन आला. रद्द केलं तर किती जातील? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, आबांना विचारून कळवतो. दहा मिनिटांनी आबांनीच फोन घेतला. "बाई, मी फायनल पाहायला जाऊन राहिलो. कोण खेळते ते त्यांचं ते पाहून घेतील."

त्याच आठवड्यात दोह्याच्या हँडलिंग एजंटकडून स्लॉटचं उत्तर आलं. उतरायची वेळ दोह्याच्या घड्याळानं सकाळी पावणेदहा. परतीला दोन वेळा देऊ केल्या होत्या, रात्री साडेदहा किंवा पहाटे तीन वाजून वीस मिनिटं. यावर त्या घरात आणि माझ्या ऑफिसात दोन दिवस चर्चा झाली, आणि या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

साडेदहाच्या बाजूनं बोलणं सोपं होतं. आबा आपल्या वेळेनं पहाटे साडेचारला नागपुरात उतरतील. डॉक्टरही म्हणाले होते की फार वेळ बसवून ठेवू नका. विरुद्ध बाजूला वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न होता. ड्युटीच्या आणि विश्रांतीच्या तासांचे डीजीसीएचे नियम चार्टरलाही लागू असतात. मुंबईहून पहाटे निघालेले वैमानिक मस्कतला आपल्या वेळेनं दुपारी तीनला मोकळे होणार, आणि ऑपरेटरच्या हिशेबानं त्यांना बारा तास विश्रांती हवी. साडेदहाचा स्लॉट गाठायचा तर वैमानिकांची दुसरी जोडी आधीच मस्कतला पाठवावी लागत होती. जीएसटी धरून साडेतीन लाख जादा. भाऊ म्हणाले, पाठवा.

मी सामना संपायची वेळ मोजली. सहाला सुरू, पावणेआठ-आठला संपणार, सव्वानऊपर्यंत टर्मिनल. ही वेळ मी नव्वद मिनिटं धरून काढली. बाद फेरीचा सामना बरोबरीत राहिला तर तीस मिनिटं जादा आणि मग पेनल्टी, हे शेंबडं पोरही सांगेल. २००६, २०१० आणि २०१४ अशा लागोपाठ तीन फायनल जादा वेळेत गेल्या होत्या. ही माहिती माझ्यासमोर होती, मी ती वेळापत्रकात घातली नाही. आणि १८ डिसेंबर हा कतारचा राष्ट्रीय दिन. रस्त्यांवर त्या रात्री दुप्पट गर्दी असणार, हेही मी नंतर पाहिलं. तोडगा म्हणून भाऊंनीच ठरवलं, की गर्दी फुटायच्या आत ऐंशीव्या मिनिटाला आबांना घेऊन उठायचं. मला तेव्हा तो शहाणपणा वाटला.

रविवारची पहाट. नागपुरात सोमवारपासून हिवाळी अधिवेशन, तीन वर्षांनी भरणारं. शनिवारी रात्री विमानाला इथे जागा मिळणार नाही असं ऑपरेटरनं कळवलं होतं, म्हणून ते सकाळीच मुंबईहून आलं. सोनेगाव विमानतळावर टर्मिनलबाहेर मी सामान उघडून पाहायला सांगितलं. आखाती देशांत खसखस नेणं गुन्हा आहे, आणि चार्टरनं गेलं तरी कस्टम तेच असतं. हे मी दोन महिन्यांत एकदाही बोलले नव्हते.

आजींच्या पिशवीत स्टीलचा डबा निघाला. आत भाच्यासाठी केलेले अनारसे, प्रत्येकाच्या एका अंगाला खसखस दाबून बसवलेली. खाली पुडीत घरचा सावजी मसाला, त्यातही खसखस. मी सांगितलं, हे नेता येणार नाही. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पदरानं डब्याच्या कडेचं तूप पुसलं आणि डबा ड्रायव्हरच्या हातात दिला. आठवडाभर भिजवून, वाटून, जाळी पडेपर्यंत तळलेल्या त्या अनारशांबद्दल मी महिनाभर आधी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी शंकरपाळे केले असते.

आबांच्या गोळ्या मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह होत्या. विमानातली हवा डोंगरावरच्या हवेसारखी विरळ असते आणि किडनीच्या रुग्णांचं रक्त बहुधा कमीच असतं, म्हणून डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन पाहून मगच प्रवासाचं प्रमाणपत्र दिलं होतं. पाण्याची मोजलेली बाटली ब्रदरच्या खांद्याला. दिवसाचं पाणी तेवढंच.

आठ वाजता विमान उडालं.

रात्र

मी घरी टीव्हीसमोर होते. फोन चार्जरला लावलेला, वहीत तिन्ही ठिकाणच्या वेळा लिहिलेल्या. भारत दोह्याच्या अडीच तास पुढे, मस्कतच्या दीड तास.

अर्जेंटिना फायनलला पोचली होती, समोर फ्रान्स. लुसैलच्या स्टेडियममध्ये ८८,९६६ माणसं होती. तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, छत्तिसाव्याला दि मारिया, २-०. एकोणऐंशीव्या मिनिटापर्यंत फ्रान्स सामन्यात दिसतच नव्हता. आपल्याकडे सव्वादहाला भाऊंचा मेसेज आला, "निघालो ताई." त्याच सुमाराला मस्कतला वैमानिकांची दुसरी जोडी विमानात बसली होती.

आबांची जागा चढून जायची होती. व्हीलचेअरचं वेगळं तिकीट मागता आलं असतं, पण अर्ज करताना ते कोणाला सुचलं नाही. मुलाच्या आणि ब्रदरच्या आधारानं एकेक पायरी उतरून ते आतल्या मार्गिकेत पोचले, आणि ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेनं पेनल्टी मारली. भिंतीपलीकडून आवाज आला. कोणाचा गोल ते कळेना. दोन मिनिटं झाली नसतील, तोच दुसरा आवाज, पहिल्यापेक्षा मोठा. २-२. ब्रदरनं मला नंतर सांगितलं, आबांनी तिथेच भिंतीला हात लावला आणि वळले. कोणाला काही विचारलं नाही. ज्या पायऱ्या पाच मिनिटांपूर्वी उतरले होते त्या चढायला लागले.

भाऊंचा फोन आला. मागच्या गलक्यात त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ताई, आबा परत वर चालले. स्लॉट जाऊ द्या. ते म्हणून राहिले, मले संपेपर्यंत पाहू दे."

निर्णय घ्यायला मिनिटभर होतं. विमान एकदा मस्कतहून उडालं की दोह्यात त्याला थांबायला जागा नाही. मी ऑपरेटरच्या डिस्पॅचरला, म्हणजे उड्डाणं सोडणाऱ्या माणसाला, फोन लावला. इंजिन सुरू व्हायचं होतं. थांबवलं. मग दोह्याच्या एजंटला. तो म्हणाला, स्लॉट दहा-पंधरा मिनिटं सरकवता येईल, दोन तास नाही. सोडला तर नवा मागावा लागेल, आणि आज रात्री सगळेच मागणार आहेत. भाऊंना पुन्हा विचारायला मी फोन केला नाही. ते जे म्हणाले होते ते पुरेसं होतं. सोडा म्हटलं.

जादा वेळेत मेस्सीचा दुसरा, एकशेअठराव्या मिनिटाला एम्बापेचा तिसरा, ३-३. शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या कोलो मुआनीसमोर अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझचा पसरलेला पाय. पेनल्टीवर ४-२, अर्जेंटिना जिंकली. त्या काळात मी एजंटला अकरा फोन केले; गोल मी कानानं ऐकले, पडदा पाहिलाच नाही.

पहाटे ३:५० चा स्लॉट मिळाला तेव्हा आपल्याकडे सव्वाबारा झाले होते. आणि मग वहीतला हिशेब माझ्याकडे पाहायला लागला. दुसरी जोडी आपल्या वेळेनं रात्री सव्वानऊपासून ड्युटीवर होती, सकाळी दहापर्यंत ती उडवू शकत नव्हती. पहिल्या जोडीची बारा तासांची विश्रांती मात्र तीनला पूर्ण होत होती. विमान पहिल्या जोडीनंच आणलं. सुरुवातीला देऊ केलेली ३:२० ची वेळ आम्ही घेतली असती, तर दुसरी जोडी लागलीच नसती.

काय निष्पन्न झालं

सामना संपल्यावर स्टेडियममधून नजमापर्यंत पोचायला त्यांना अडीच तास लागले. आबा भाच्याच्या घरी दोन तास आडवे झाले. आजींनी त्यांचे पाय उशीवर ठेवले. घोट्याला बोटानं दाबलं तर खड्डा पडत होता. सोमवारी सकाळी ९:५५ ला विमान नागपूरला उतरलं. मी आधीच डायलिसिस केंद्राला फोन करून ठेवला होता, त्यांनी दुपारी एकची खुर्ची दिली. शनिवारनंतर अंगात साठलेल्या पाण्यानं आबांचं वजन २.८ किलोनं वाढलं होतं. डॉक्टरांनी घातलेली मर्यादा अडीचची होती. जादा वेळेत बाटली संपली आणि त्यांनी नातवाची घेतली. ब्रदरनं पाहिलं आणि त्या वेळी अडवलं नाही. हे त्यानं केंद्रात स्वतःहून सांगितलं.

सोडलेला स्लॉट, नवा स्लॉट आणि मस्कतचं वाढीव पार्किंग मिळून दीड लाख जादा लागले. दुसऱ्या जोडीचे साडेतीन धरून मूळ आकड्यावर पाच लाख. दीड लाखांपैकी निम्मे मी सोसले. भाऊ नको म्हणत होते, पण ऐंशीव्या मिनिटाचं वेळापत्रक माझ्या ऑफिसच्या लेटरहेडवर होतं.

धाकटे बंधू सामना नजमातल्या त्या घरात टीव्हीवर पाहत होते. ऐंशीव्या आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाचे दोन गोल त्या कुटुंबात सलग पाहिलेले तेवढे एकटे. आबा त्यांना अजून विचारतात, दुसरा कसा मारला ते सांग.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी तिकीट, मग प्रवेशाची परवानगी, मग स्लॉट, आणि विमान सगळ्यांत शेवटी. ऑपरेटर आगाऊ मागणारच, तो त्याचा धंदा आहे. पण 'स्लॉट पक्का झाला नाही तर अर्धी रक्कम परत' एवढी एक ओळ करारात मागता आली असती. मी मागितलीच नाही. पुढच्या वर्षी एका वेगळ्या कामात मागितली, आणि त्यांनी चटकन मान्य केली.

परतीची वेळ सामन्याच्या सगळ्यांत लांब शक्यतेवरून काढायला हवी. एकशेवीस मिनिटं, पेनल्टी, बक्षीस समारंभ, नव्वद हजार माणसं बाहेर पडायचा वेळ, आणि मग वर दोन तास. आजारी माणसाला लवकर घरी नेणं महत्त्वाचं आहे असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. त्याला मध्ये दोन-तीन तास आडवं व्हायला जागा मिळणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि ती जागा विमानतळाजवळ होतीच.

दुबईचा मधला पर्याय मी आज पहिला मांडीन. मस्कतचे पावणेतीन तास त्यात वाचले असते, पैसेही. मुलीनं मारलेल्या पेन्सिलीच्या रेघांचा तो कागद माझ्या फाइलमध्ये तसाच आहे. नवीन गिऱ्हाइकाला कोटेशन देताना आता मी रिकाम्या फेऱ्या वेगळ्या रकान्यात दाखवते. काही जण ते पाहून चार्टरचा विचार सोडतात. सोडू देत.

२०२६ च्या स्पर्धेसाठी दोन जणांनी विचारलं, तेव्हा मी आधी व्हिसाचं विचारलं. फायनल न्यू जर्सीत, सामने तीन देशांतल्या सोळा शहरांत. स्वतःचं विमान असलं तरी प्रत्येक प्रवाशाला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि आठ आसनी मध्यम जेट तिथवर थेट जात नाही. दोघांपैकी एकाच्याही घरातल्या सगळ्यांकडे व्हिसा नव्हता. विमानाचा विषय तिथेच थांबला.

सामानाची यादी मी आता बुकिंगच्याच दिवशी देते, मराठीत, आणि घरातल्या ज्या बाई फराळ करणार त्यांच्या हातात. खसखस पहिल्या ओळीत.

एक गोष्ट मात्र यादीत मावत नाही. दोह्यात डायलिसिसची राखीव वेळ घ्यायला दोन ईमेल पुरले असते. पहाटे ३:५० चा स्लॉट त्या रात्री मिळाला नसता, तर मंगळवारपर्यंत काय करायचं याचं उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते सुरुवातीलाच सुचवलं होतं, आणि आम्ही पाच जणांनी एका टेबलाभोवती बसून 'लागणार नाही' म्हटलं होतं.